एकोणसाठचा आकडा

दुपारचे अडीच वाजले होते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून दोन दिवस झाले होते आणि नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत त्या वेळी चिटपाखरूही नव्हते. मी कूलरच्या टाकीत पाइप सोडून पाणी भरत उभा होतो, तेवढ्यात माझा तेरा वर्षांचा मुलगा दाराशी चपला शोधताना दिसला. डोक्याला आणि तोंडाला त्याने आईचा पांढरा दुपट्टा घट्ट गुंडाळला होता, डोळे तेवढे उघडे होते. "एवढ्या उनाचा कुठी चालला रे?" असे आजीने आतून विचारले. "मित्राकडे. दोनच गल्ल्या तर आहे न, आजी," असे तो म्हणाला. आजी उठली, तिने टोपलीतला एक लहानसा कांदा निवडला आणि त्याच्या पँटच्या खिशात कोंबला. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची आमच्याकडची रीत तिने आजवर मोडलेली नाही. फाटक वाजले. नळ बंद करून मी आत आलो, तर त्याच्या टेबलावर लॅपटॉप तसाच उघडा होता. मोटारींच्या शर्यतीचा खेळ मध्येच थांबवलेला होता, पंखा घरघरत होता आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आकडा दिसत होता : ५९.

तो कुठे आणि कशासाठी गेला हे मला ठाऊक होते. त्या मित्राकडे विंडोज असलेला संगणक आहे आणि त्यावर हाच खेळ आहे. आमच्या लॅपटॉपवर तो नीट चालावा म्हणून मी तीन आठवडे रात्री जागलो होतो आणि आदल्याच रात्री मुलाला विचारलेही होते, "आता कसा चालतो?" त्यावर तो म्हणाला होता, "चालतो न, बाबा. छान चालतो." ज्या मुलाच्या घरी खेळ छान चालतो, तो ४५ अंशांच्या उन्हात दोन गल्ल्या ओलांडून तोच खेळ खेळायला दुसरीकडे जाणार नाही. हा साधा हिशेब पुरा होताच माझ्या पोटात काहीतरी खचल्यासारखे झाले.

तो एरवी खोटे बोलत नाही.

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी फुकट आणि खुली संगणकप्रणाली, आमच्या घरात माझ्या आग्रहाने आले. लॅपटॉप २०१४ सालचा आहे. विंडोज १०ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे बरेच आधी जाहीर झाले होते आणि विंडोज ११साठी लागणाऱ्या अटींत आमचे जुने यंत्र बसत नव्हते. शेवटच्या दिवसाची वाट कशाला पाहायची, म्हणून वार्षिक परीक्षा आटोपताच मी त्यावर लिनक्सचा मिंट नावाचा प्रकार बसवला. हे कारण खरे असले तरी पुरते नाही. २००६च्या सुमारास, मी कॉलेजात असताना, उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या सीडी नुसती मागणी नोंदवली की परदेशातून टपालाने फुकट घरी येत असत. पोस्टमनने हातात ठेवलेले ते पाकीट आजही माझ्या कपाटात आहे. कोणतीही ओळख नसताना, एक पैसाही न घेता, कोणीतरी एवढे मोठे काम करून आपल्याला धाडून देतो, याचे त्या वयात जे अप्रूप वाटले ते पुढे कधी ओसरले नाही. मी शाळेत गणित शिकवतो. नुसते उत्तर लिहून आणणाऱ्या मुलाला मी पूर्ण गुण देत नाही, कारण कृती दाखवलेली असेल तरच उत्तर तपासता येते. ज्या सॉफ्टवेअरची कृती उघडी आहे त्याच्यावर माझा जीव जडला तो याच सवयीतून. मात्र घरात लॅपटॉप एकच आहे आणि तो मुख्यतः मुलगा वापरतो. बदल करण्याआधी मी त्याला एकदा विचारले होते खरे, पण विचारताना माझ्या मनात उत्तर ठरलेलेच होते आणि त्यानेही ते ओळखले असावे.

मे महिना लागला, सुट्टी सुरू झाली आणि त्याने खेळ काढला. पहिल्या रात्री सेकंदाला ११ चित्रे पडत होती. ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगायचे तर, एवढ्यावर मोटार धावत नाही, ती एका जागेवरून उचलून पुढच्या जागी ठेवल्यासारखी दिसते. उजवीकडचे बटण दाबावे आणि ती वळेपर्यंत वळण संपून जावे. मुलगा काही बोलला नाही. त्याने दोन-तीनदा भिंतीवर आपटून घेतले आणि हळूच झाकण मिटले. त्या रात्रीपासून मी त्या कामाला लागलो, आणि खरे सांगायचे तर त्यात मला फार आनंद होता.

विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर चालतो, याचेच मला आधी नवल वाटत असे. खेळ विंडोजकडे पावलोपावली काहीतरी मागत असतो : ही फाइल उघडा, एवढी स्मृती द्या, हा आवाज वाजवा. वाइन नावाचे सॉफ्टवेअर या मागण्या स्वतःकडे घेते आणि त्याच क्षणी लिनक्सच्या भाषेत पुऱ्या करून देते. त्यात संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा केलेला नसतो, आणि 'वाइन म्हणजे इम्युलेटर नव्हे' हे तर त्याच्या नावातच गुंफलेले आहे. १९९३ साली सुरू झालेले हे काम १.० या आवृत्तीपर्यंत यायला २००८ उजाडले. पंधरा वर्षे लोक ते चिवटपणे करत राहिले. पुढे २०१८च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह या खेळ बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपनीने वाइनवरच बेतलेले प्रोटॉन आणले आणि हजारो खेळांना वाट मिळाली. एका रात्री मी प्रोटॉनने आमच्या खेळासाठी तयार केलेला कप्पा उघडून पाहिला. आत 'ड्राइव्ह सी' होता, त्यात 'प्रोग्रॅम फाइल्स' होते, 'विंडोज' होते आणि त्याच्या पोटात 'सिस्टम३२'ही होते. खेळाला परके वाटू नये म्हणून त्याचे सगळे घर तिथे तसेच्या तसे मांडून ठेवले होते. माझी आई आर्वीहून नागपूरला आली तेव्हा तिने इथल्या देवघरात प्रत्येक देव गावच्याच क्रमाने लावला होता आणि समईसुद्धा त्याच बाजूला ठेवली होती. तो कप्पा पाहताना मला त्याची आठवण झाली.

दोष एकेक करून सापडत गेले. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची सोय दोन ठिकाणी आहे. एक प्रोसेसरमध्येच इनबिल्ट आहे आणि दुसरे वेगळे, ताकदीचे कार्ड आहे. खेळ इनबिल्टवर चालत होता आणि ताकदीचे कार्ड झोपलेले होते. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, खेळ सुरू केला तेव्हा या चिपचा व्हल्कनसाठीचा, म्हणजे ग्राफिक्सशी बोलायच्या भाषेसाठीचा, आधार अपुरा आहे, अशी स्पष्ट ओळच तिथे उमटली, पण ती वाचायला मला चार दिवस लागले. कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, घातला, खेळाला ते कार्ड वापरायला सांगितले, तर तो सुरूच होईना. कार्ड जुने, म्हणून ड्रायव्हर जुना, आणि त्या ड्रायव्हरला व्हल्कनची १.३ ही आवृत्ती कळत नाही. प्रोटॉनच्या नव्या आवृत्त्यांना तर तीच लागते. मग प्रोटॉनची सातवी आवृत्ती निवडली. खेळ जुन्या डी ड्राइव्हवर, विंडोजच्या पद्धतीने आखलेल्या विभागात पडून होता. तिथे प्रोटॉनला आपला कप्पा धड मांडता येत नाही, कारण त्याला 'सी:' अशा नावाचा दुवा करावा लागतो आणि विंडोजच्या मांडणीत फाइलच्या नावात विसर्गासारखी ती दोन टिंबे चालत नाहीत. खेळ लिनक्सच्या विभागात पुन्हा बसवला. छाया कमी केल्या, दूरची झाडे विरळ केली. अकरावरून सव्वीस, सव्वीसवरून एक्केचाळीस, आणि एका पहाटे तीन वाजता कोपऱ्यातला आकडा ५९वर येऊन बसला. पडद्याची मर्यादाच ६०ची आहे. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, माठातले पाणी प्यालो आणि झोपलेल्या मुलाला उठवावेसे वाटले तरी उठवले नाही.

दुसऱ्या दिवशी तो खेळायला बसला. दहा मिनिटांनी म्हणाला, "बाबा, मध्येच अटकते हे."

आमच्या नागपुरी बोलीत 'अटकणे' हा शब्द हिंदीच्या शेजारामुळे आला असेल. पुस्तकात तिथे 'अडखळणे' लिहितील. मला मात्र त्या दिवशी मुलाचा शब्द अधिक नेमका वाटायला हवा होता. अडखळलेला माणूस चालत राहतो. जे अटकते ते थांबते. पण मी शब्दाकडे लक्षच दिले नाही. मी उभ्या उभ्या वाकून पडद्याचा कोपरा पाहिला आणि म्हणालो, "अटकत नाही रे. हे बघ, एकोणसाठ आहे." त्याने आकड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी विचारले तेव्हा तेव्हा खेळ छानच चालत होता.

त्या दुपारी उघड्या लॅपटॉपसमोर बसल्यावर मला हे सगळे एकामागून एक आठवत गेले. ३० मे २०२४ची गोष्टही आठवली. त्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदले गेले आणि तासाभरात तो आकडा गावभर झाला. शिक्षकांच्या खोलीत, पानठेल्यावर, फोनवर, सगळीकडे छप्पन्न. नंतर तो यंत्रातला बिघाड असल्याचे जाहीर झाले. मीसुद्धा तो आकडा खरा धरला होता, कारण अंगाची जी लाही होत होती तिच्याशी तो जुळत होता. तिथे चुकीचा आकडा मी शरीराच्या साक्षीवरून मान्य केला. इथे आकडा बरोबर होता आणि त्याच्या जोरावर मी मुलाच्या डोळ्यांची साक्ष फेटाळली. दोन्ही वेळी आकडा कशातून निघाला, हे मी विचारले नाही. वर्गात तर हाच प्रश्न मी रोज फळ्यावर लिहितो.

म्हणून मी वही घेतली. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. समजा एका मिनिटात पाच वेळा एकेक चित्र १४० मिलिसेकंद रेंगाळले, म्हणजे डोळ्याला लख्ख जाणवेल असे पाच वेळा चित्र गोठले. त्या पाच चित्रांत ०.७ सेकंद गेला. उरलेल्या ५९.३ सेकंदांत ३५५८ चित्रे पडली. त्यांत ही पाच मिळवली की ३५६३ होतात. त्यांना ६०ने भागले की सरासरी येते ५९.४. मी पेन खाली ठेवले. पाच वेळा मोटार हवेत लटकते, पाच वेळा वळण हातातून निसटते, आणि सरासरी मात्र साठातून केवळ सहा दशांशाने उतरते. पडद्यावरचा आकडा तर दर अर्ध्या सेकंदाची सरासरी दाखवतो. त्यामुळे चित्र गोठले की तो क्षणभर ४५पर्यंत घसरून लगेच वर येतो, आणि ज्याचे डोळे रस्त्यावर आहेत त्याला तो दिसतही नाही. आकडा दाखवणाऱ्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये, मँगोहडमध्ये, प्रत्येक चित्राला लागलेल्या वेळाचा आलेख असतो. जागा अडते म्हणून मी तो पहिल्याच दिवशी बंद करून ठेवला होता.

आलेख सुरू केला आणि जिथे मुलाने खेळ थांबवला होता तिथून पुढे गाडी हाकली. समोरचे गाव मी कधी पाहिलेले नव्हते. डोंगरउतारावर लाल कौलांची घरे होती. पहिल्या वळणावर समोरच्या ट्रकच्या चाकांखालून धूळ उडाली आणि चित्र गोठले. आलेखाची सपाट रेघ एका ठिकाणी टाचणीसारखी वर गेली : १३८ मिलिसेकंद. मी तिथूनच पुन्हा सुरुवात केली. तोच ट्रक, तीच धूळ, आणि या खेपेला चित्र लोण्यासारखे सरकत गेले. तिसऱ्यांदाही तसेच. मग पुढे गेलो. बोगद्यातले दिवे पहिल्यांदा दिसले तेव्हा पुन्हा टाचणी उभी राहिली. पाण्याची चकाकी पहिल्यांदा दिसली, पुन्हा टाचणी. जे पहिल्यांदा दिसते तिथे अटकते.

आणि मी तीन आठवडे रोज रात्री एकच रस्ता तपासत होतो.

खेळातला पहिला, बंदराकाठचा रस्ता मी मोजमापासाठी निवडला होता, कारण तुलना करायची तर परिस्थिती तीच हवी. गणिताच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण त्या रस्त्यावरची प्रत्येक वस्तू माझ्या यंत्राने केव्हाच पाहून ठेवली होती, त्यामुळे मला तो गुळगुळीत मिळत होता. मुलगा तर रोज नव्या गावात जात होता. आमचे दोघांचे खेळ एकाच लॅपटॉपवरचे, पण वेगवेगळे होते.

कारण समजून घ्यायला मला पुढचे दोन दिवस लागले. धूळ, चकाकी, सावली अशी प्रत्येक गोष्ट कशी रंगवायची याच्या छोट्या कृती खेळासोबत येतात आणि त्यांना शेडर म्हणतात. त्या डायरेक्ट थ्रीडी या विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेत असतात. डीएक्सव्हीके नावाचा थर त्या व्हल्कनच्या भाषेत आणतो आणि मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्यांचे आपल्या कार्डाला कळेल असे यंत्ररूप बनवतो. हे शेवटचे काम जड असते. विंडोजवरही ते करावेच लागते, पण तिथे खेळ आपल्या कृती आधीच, वाट पाहायला लावणाऱ्या पडद्यामागे, ड्रायव्हरच्या हवाली करतो आणि ड्रायव्हर तेव्हाच बरेचसे उरकून घेऊ शकतो. व्हल्कनची मूळ अट कडक आहे. कृती, रंगांची मिसळ, चित्राचा प्रकार, सगळे एकत्र कळल्याशिवाय यंत्ररूप बनत नाही. आणि ते सगळे एकत्र कळते ती वस्तू प्रत्यक्ष काढायची वेळ आल्यावरच. पुरण आणि कणीक आधी करून ठेवायची मुभा नसावी, पाहुणा पानावर बसल्यावरच डाळ शिजायला घालावी, तसे ते होते. २०२२मध्ये यावर उतारा आला. भाग वेगवेगळे तयार ठेवून वेळेवर जोडायची सोय व्हल्कनमध्ये झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये डीएक्सव्हीकेच्या २.० आवृत्तीने ती वापरायला सुरुवात केली. ज्यांचे कार्ड नवे आहे त्यांची या दुखण्यातून बरीच सुटका झाली. आमच्या जुन्या ड्रायव्हरला डीएक्सव्हीकेची ती आवृत्तीच चालत नाही.

या शोधाशोधीत मला डीएक्सव्हीकेची जन्मकथाही कळली. फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला एक विशिष्ट खेळ लिनक्सवर खेळायचा होता आणि तो चालत नव्हता, म्हणून त्याने हे काम एकट्याने हाती घेतले. पुढे तेच प्रोटॉनचा कणा झाले. एवढ्या अवघड कामाच्या मुळाशी खेळायची साधी इच्छा होती, हे मला फार आवडले. आणि लगेच टोचलेही, कारण मला स्वतःला तो मोटारींचा खेळ कधीच खेळायचा नव्हता. तो चालला पाहिजे, एवढेच मला हवे होते. ज्याला खेळायचे होते त्याने पहिल्या दहा मिनिटांत दोष ओळखला होता.

स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेल्या खेळांना आणखी एक आधार असतो. इतर खेळाडूंच्या यंत्रांनी गोळा केलेल्या अशा कृतींचा साठा खेळाआधीच उतरवून मिळतो आणि बरेचसे काम आधीच होऊन जाते. कोणा अनोळखी मुलाने त्या लाल कौलांच्या गावात पहिले वळण घेतले आणि त्याला जे सोसावे लागले, ते दुसऱ्या मुलाला सोसावे लागत नाही. कॉलेजच्या दिवसांतल्या त्या टपालाच्या पाकिटाशी याचे नाते आहे, असे मला वाटते. आमचा खेळ मात्र बर्डीच्या बाजारातून डीव्हीडीवर घेतलेला, म्हणून तो साठा त्याला मिळत नाही. आमची वळणे आम्हालाच घ्यायची आहेत. त्यातून ड्रायव्हर बदलला की त्याने तयार ठेवलेले निकामी होते आणि पाहिलेली गावे पुन्हा नवी होतात.

एक दोष मात्र लिनक्सचा नव्हता आणि तो माझ्या हातातला होता. दुपारी एकच्या पुढे खेळ वीस मिनिटे चालला की टाचण्यांच्या जागी आलेखात डोंगरच उभे राहत. प्रोसेसरचे तापमान ९७ अंशांवर गेलेले असे आणि स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग पार तळाला नेत असे. आमच्याकडे एसी नाही. कूलरची हवा थंड असते पण ओली, म्हणून लॅपटॉप कूलरच्या झोतात ठेवायला माझी आई कधी देत नाही आणि तिचे बरोबरच आहे. एका सकाळी, ऊन चढायच्या आत, मुलगा आणि मी गच्चीच्या जिन्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. त्याने खालच्या झाकणाचे स्क्रू एकेक काढून मुरमुऱ्यांच्या ताटलीत, निघतील त्याच जागी, गोल मांडले. पंखा उचलला तर त्याच्यामागच्या तांब्याच्या पट्ट्यांवर राखाडी धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. तो चिमटीने धरला तर एका तुकड्यात निघून आला, त्यावर पट्ट्यांच्या रेघा उमटलेल्या होत्या. "हे सगळं आत होतं?" मुलाने विचारले. अकरा उन्हाळे त्यात होते. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुन्याच्या पोपड्यांसारखी सुटत होती. ती पुसून आम्ही तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. दाबताना त्याची बोटे माझ्या बोटांपेक्षा स्थिर होती.

त्याच जिन्यावर मी त्याला सांगितले की तो म्हणत होता ते बरोबर होते, खेळ अटकतो, आणि मी आकड्याकडे पाहत राहिलो. तो स्क्रू लावत होता, त्याने मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही रात्री इतकं जागत होते, मग कसं सांगू?" मला त्यावर काही बोलता आले नाही. मी विचारले, "पुन्हा विंडोज टाकायचं का? टाकू आपण. मला वाईट वाटणार नाही." शेवटचे वाक्य खरे नव्हते आणि ते बोलून होताच मला कळले की मीही त्याच्यासारखेच केले आहे. त्याने बराच विचार केला. मग म्हणाला की आत्ता नको, पण दिवाळीत मित्राबरोबर जोडून खेळायचा एक नवा खेळ येणार आहे, तो यावर चालेल का? त्या प्रकारच्या काही खेळांत लबाडी पकडणारे सॉफ्टवेअर असते आणि ते लिनक्सवर चालू द्यायचे की नाही हे खेळ बनवणारेच ठरवतात. मी तपासून सांगतो म्हणालो. चालेलच, असे या वेळी म्हणालो नाही.

मन अजून एका बाजूला झालेले नाही. कृती उघडी असलेले सॉफ्टवेअर मुलाच्या हातात असावे हे मला आजही तितकेच वाटते. तांब्याच्या पट्ट्या पाहिल्यापासून तोही मला टर्मिनलमधल्या ओळींचे अर्थ विचारू लागला आहे. पण माझ्या मताची किंमत मिलिसेकंदांत मोजली तर ती त्याच्या वळणांवर पडते, माझ्या नाही, हे मी वहीत लिहून ठेवलेल्या हिशेबाच्या खालीच लिहिले आहे.

त्या संध्याकाळी तो नव्या गावात शिरला. मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो. कोपऱ्यातला आकडा त्यानेच बंद केला आणि आलेखही नको म्हणाला. मी फक्त वही धरली होती. तो मोटार चालवत होता आणि जिथे चित्र गोठे तिथे "इथे" म्हणत होता. पुलावर चढताना, इथे. पाऊस सुरू झाला, इथे. मध्येच लाइन गेली, कूलर बंद झाला आणि पडद्याच्या उजेडात आम्ही दोघे घामाघूम होऊन तसेच बसून राहिलो. लॅपटॉपची जुनी बॅटरी आठ मिनिटे पुरली. तेवढ्यात सात जागा लिहून झाल्या. त्यातल्या दोन ठिकाणी मला काहीच दिसले नव्हते, पण मी लिहून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा दुपट्टा गुंडाळत होता. माझी आई झोपली होती. मी टोपलीतून कांदा काढून त्याला दिला आणि विचारले, "आज कोणतं गाव?" चप्पल घालता घालता त्याने सांगितले की मित्राकडे आज ते बर्फातल्या रस्त्यावर जाणार आहेत, तो आमच्याकडे अजून उघडायचा आहे, आणि तिथे कुठे काय आहे ते तो नीट पाहून येईल.